हुरडा पार्टीतला आमदार

"आमदार, बूट काढा बरं. पाहुण्यायले अस्सल शेतकरी पाह्याचा आहे."

भर दुपारी, सगळ्यांसमोर दादासाहेब मला म्हणाले. सेवाग्रामच्या पलीकडे त्यांचं फार्महाउस. हुरड्याचे दिवस. नागपूरचं अधिवेशन अर्ध्यावर सोडून मी गेलो होतो. त्यांचा फोन आला की जायचंच असतं. तिकीट त्यांनी दिलं होतं. मतं माझ्या नदीकाठच्या गावांनी दिली होती, पण त्याचा मला सोयीस्कर विसर पडला होता.

पाहुणे पुण्याचे. कारखान्यासाठी जमीन शोधत होते. शेजारच्या मोकळ्या वावरात बैलजोडी वखराला जुंपून तयार. माझ्या घरी ट्रॅक्टर आहे, मी पँट घालतो. तरी माझ्यासाठी धोतर आणि टोपी आणून ठेवली होती. धोतर नेसलो नाही, तेवढीच काय ती माझी मर्दुमकी. टोपी एका पाहुणीने हसत हसत माझ्या डोक्यावर ठेवली. बूट काढले, मोजे काढले, कासरा धरला. ढेकळं टोचत होती. सगळे मोबाइल वर धरून उभे.

"जरा वाकून चाला," दादासाहेब ओरडले. "फोटोत शेतकरी दिसला पाह्यजे!"

मी वाकलो.

नंतर हुरडा खाताना एका पाहुण्याने त्यांना विचारलं, "गावातून विरोध होणार नाही ना?"

मी शेजारीच बसलो होतो. दादासाहेबांनी माझ्याकडे न बघता माझ्या पाठीवर थाप मारली. "गाव याच्या मांगं चालते. ग्रामसभेत यानं हात वर केला का सारे करते."

म्हणजे जमीन आमच्याच गावाची. आमदार असून मला हे तिथे कळलं, तेही पाठीवर थाप खाऊन. हातातला हुरडा मी परत ताटात टाकला.

घरी पोचलो तर व्हिडिओ माझ्या आधी पोचलेला. पारावरच्या माणसांनी मला बघून मोबाइल खिशात टाकले. बायकोने पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "तुमी हसून राह्यले होते त्याच्यात."

मी व्हिडिओ पाहिला. खरंच हसत होतो. ते लोक हसले त्याच्या रागापेक्षा मला माझ्या त्या हसण्याची किळस जास्त आली. आपला अपमान होतोय आणि आपणच दात दाखवतोय!

ग्रामसभेत दादासाहेबांचा माणूस पुढेच बसला होता. कारखान्याला जमीन द्यायचा ठराव वाचून झाला; त्यात माझंही वावर होतं. सगळं गाव माझ्या हाताकडे बघत होतं. मी उठलो.

"माही जमीन मी देत नाई. तुमी तुमचं पाहा."

एकही हात वर झाला नाही. दादासाहेबांचा माणूस फोन कानाला लावून बाहेर गेला.

पुढच्या निवडणुकीत तिकीट कापलं. त्याचं काही वाटलं नाही. मग विहिरीवरची मोटर चोरीला गेली. मग आमचं कुत्रं वावराच्या बांधावर मेलेलं सापडलं, तोंडाला फेस. आता रोज सकाळी वावरापाशी एक पांढरी गाडी उभी असते. नंबर प्लेट नाही. कोणी उतरत नाही.

सोमवारी तोच ठराव पुन्हा सभेपुढे येतोय. काल खुद्द दादासाहेबांचा फोन आला. आवाज अगदी मायेचा. "वावरात एकटे जात नका जाऊ. दिवस बरे नाई. काळजी वाटते तुमची."

भीती वाटली. खोटं कशाला बोलू? नागपूरला राहणाऱ्या पोराने तिकडे या म्हटलं. गेलो नाही.

आज सकाळी वावरात एकटाच गेलो. गाडी होतीच. जवळ जाऊन काळ्या काचेवर थाप मारली. काच खाली झाली नाही. तरी आत ऐकू जाईल असं बोललो.

"दादासाहेबाले सांगजो, सोमवारी मी जित्ता असलो त मी बोलीन. मेलो त माही बायको बोलन. जमीन तिच्याबी नावावर आहे."