परत केलेली शाल

अमरावतीहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, जुन्या शहरातल्या घरी, डाळ निवडत होते. "आत्या, बाबा गेले..." दीड महिना झाला, पण भाऊवरचा माझा राग काही जात नाही. असा कसा हो माणूस!

भाऊ कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. जीव मात्र दूरच्या एका ताऱ्यात अडकलेला. त्या ताऱ्याला खेटून एक भलामोठा, तापलेला ग्रह फिरतो. तो समोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. अवकाशातल्या दुर्बिणीनं अतिनील किरणांत पाहिलं तर जरा जास्तच, कारण ग्रहाची हवा उतू जाणाऱ्या दुधासारखी बाहेर निसटत असते. दुर्बिणीच्या नोंदींत भाऊला ती हवा सापडली. लेख छापून आला आणि आमच्या गावी, तेल्हाऱ्यात, त्याचा सत्कार झाला. ती वर्षं फार वाईट होती. तालुक्याचं नाव पेपरात यायचं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायीच. त्या दिवशी मात्र लोकांनी न कळलेल्या भाषणालाही टाळ्या वाजवल्या.

पुढं भाऊच्याच लक्षात आलं, की त्या वेळी ताऱ्याचा उजेड आपोआपच मंदावला होता. हवा दिसलीच नव्हती. कोणी विचारलंही नव्हतं, तरी यानं लेख मागं घेतला, वर सत्काराची शाल परत करायला तेल्हाऱ्याला निघाला.

"काहून चालला रे? कोणाले समजते त्यातलं?"

"मले समजते ना," म्हणाला. मग मीही सोबत गेले.

सत्कार घडवून आणला होता रहीमभाईंनी, त्याच्या शाळेतल्या दोस्तानं. कापसाचा व्यापार त्यांचा. शालीकडे पाहतच राहिले. "लेका, गावाची एक तं चांगली बातमी होती. तेही वापस घेऊन राहिला तू?" भाऊची मान जी खाली गेली... शाल काही त्यांनी घेतली नाही. भाऊ पुन्हा तेल्हाऱ्याला गेला नाही. शाल प्लास्टिकच्या पिशवीतच कपाटावर पडून राहिली. त्या ग्रहाकडे दुर्बीण पुन्हा वळावी म्हणून तो शेवटपर्यंत विनवण्या करत होता. ती वळली नाही.

शेवटच्या दर्शनाला भाऊला बाहेर ठेवलं तेव्हा भाच्यानं तीच शाल काढली, अंगावर घालायला. ती वापर म्हणून मी इतकी वर्षं भाऊशी भांडले, पण त्या क्षणी मीच ओरडले, "ठेव ते! भाऊनं कधी अंगावर नाही घेतली ते!" तेल्हाऱ्याहून आलेले रहीमभाई पुढं आले. भाच्याच्या हातून शाल घेतली आणि भाऊच्या कानाशी वाकले. "घेतली रे लेका, वापस घेतली."

हे तेव्हा म्हणायला काय झालं होतं?

कपाटावरची जागा आता रिकामी आहे. तिथं काही ठेवू नको, असं भाच्याला बजावून आले.