ओल्या रंगाची पाटी

ऑइलपेंटचा वास आला की आजही मला एका जागी बसवत नाही. एमबीबीएसनंतर स्पेशालिटी निवडायच्या आदल्या दिवशी माझे वडील, अण्णा, बिडकीनच्या पेंटरकडून पाटी रंगवून गारखेड्याच्या घरी घेऊन आले. माझ्या नावाखाली 'स्त्रीरोगतज्ज्ञ' लिहिलेलं, रंग अजून ओला. अंगणात येरझारा घालता घालता मी बोलून गेले, "अण्णा, मला भूलतज्ज्ञ व्हायचंय." ते भडकलेच. "भूल देणारीला कोण ओळखतंय? तिची पाटी तरी लागती व्हय?" माझ्या येरझारा थांबेनात. त्यांनी ते बघितलं आणि फडक्यावर रॉकेल ओतून तो एक शब्द पुसला, नाव तेवढं ठेवलं. आज शुद्धीवर आलेला पेशंट माझ्याकडं न बघता सर्जनला हात जोडतो, तेव्हा वाटतं, अण्णांना हे तेव्हाच दिसत होतं, तरी त्यांनी तो शब्द पुसला.