टाकीत वाढलेलं मीठ

नव्वदच्या दशकात माझे यजमान कारखान्यातून रिटायर झाले आणि आमच्या मल्लेश्वरमच्या घरात एक मासा आला. अंगठ्याएवढा, नारंगी, अंगावर पांढरे पट्टे; थेट लग्नातला बँडवाला. तो समुद्रातला, म्हणून त्याला समुद्राचंच पाणी हवं. ते मंगळूरहून रात्रीच्या बसने कॅनमधून यायचं. आम्हाला नळाचं पाणी एक दिवसाआड, त्याबद्दल हे कधी चकार शब्द बोलले नाहीत. माशाची बस चुकली की मात्र घरात येरझाऱ्या.

मला त्या माशाचं कौतुक नव्हतं, रागही नव्हता. जो मासा ताटात येणार नाही, त्याच्याबद्दल मत कशाला बाळगायचं?

मग यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात तीन आठवडे. निघण्याआधी माशाच्या काचेच्या टाकीसमोर उभं राहून यांनी मला तासभर सूचना दिल्या. मी बॅग भरत होते. निम्म्या ऐकल्या.

उन्हाळ्याचे दिवस. टाकीतलं पाणी रोज बोटभर उतरायचं. खारातल्या कैऱ्यांच्या बरणीत पाणी उतरलं की वरून खारंच पाणी घालायचं, साधं घातलं तर कैरी नासते. चाळीस वर्षं मी हेच करत आले होते. तेच टाकीला केलं. रोज बोटभर समुद्र ओतला.

दवाखान्यात ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर यांनी पहिलं विचारलं, “मासा खातो का?”

“खातो.”

“आणि पाणी?”

“भरलेलं आहे.”

मी जेवते का, हे विचारायचं राहून गेलं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, यांच्या मनाला धक्का बसेल असं काही सांगू नका. आणि बाराव्या दिवशी मासा खायचा थांबला. तळाशी कोपऱ्यात पडून धापा टाकायला लागला. मी दवाखान्यात “खातो” म्हणून सांगितलं. लग्नानंतरचं ते माझं पहिलं खोटं नव्हतं, पण रोज सांगावं लागणारं पहिलंच.

तिसऱ्या दिवशी, ज्याच्याकडून हा मासा आणि त्याचं पाणी यायचं, त्या मासेवाल्याचं दुकान गाठलं. तो बेळगावकडचा, मराठी बोलायचा.

“अक्का, वरून कसलं पाणी घालता?”

“तुझं मंगळूरचं.”

तो कपाळाला हात लावून बसला. “उन्हानं पाणी उडतं अक्का, मीठ उडतं काय? वरून साधंच पाणी घालायचं असतंय. अण्णांनी सांगितलं नाही?”

“सांगितलं असेल.”

“आता एकदम नको. टाकीतलं थोडं काढा, साधं घाला. स्वल्प स्वल्प. तीन दिवस.”

जन्मभर सांडगी मिरच्या वाळवल्या. पाणी जातं आणि मीठ मागे राहतं, हे मला दुकानात जाऊन कळलं. घरी येऊन टाकीत बोट बुडवून चाखलं, मग कॅनमधलं चाखलं. कॅनमधलं खारट होतं. टाकीतल्या पाण्याने जीभ चरचरली.

तीन दिवस तांब्याने टाकीतलं पाणी काढत होते आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं साधं पाणी घालत होते. चौथ्या दिवशी मासा वर आला आणि त्याने दोन दाणे खाल्ले. त्या दिवशी दवाखान्यात “खातो” म्हणाले तेव्हा यांनी विचारलं, “आज एवढ्या मोठ्याने का सांगतेस?”

हे घरी आले ते चपला न काढताच टाकीपाशी गेले. बराच वेळ पाहून म्हणाले, “चांगला सांभाळलास.”

गप्प बसता आलं असतं. पण खोट्याची गरज संपली होती, आणि न केलेल्या कामाची शाबासकी मला पचत नाही. यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं.

“मी तासभर सांगून गेलो होतो,” हे म्हणाले.

“ऐकलं नव्हतं.”

“का?”

“मीठ तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं, असं वाटलं.”

यांच्या हृदयाला काही झालं नाही. तोंड मात्र बंद झालं. दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. माशाशी बोलत होते, आणि तेही माझ्याबद्दलच.