विठ्ठलमामाची खीर

वसईजवळच्या गिरीज गावच्या जयवंतीमावशीच्या हाताला चव आहे, हे अख्खी आळी सांगेल. आळीने नाही सांगितलं तर मावशी स्वतः सांगेल. वय बहात्तर, अंगाने काटकुळी, जन्मभर पोटात ‘वात’ घेऊन वावरलेली. पण समोरच्याला जेवू घातल्याशिवाय सोडायची नाही. वाडीतली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि त्यांची सुकेळी करून विकायची, हा तिचा धंदा. मी तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे तिच्या टोमण्यांचं हक्काचं गिऱ्हाईक.

तिचा मुलगा मयूर विरारला फ्लॅटमध्ये राहतो. त्याची रिद्धी पाच वर्षांची झाली तरी तीनची दिसायची. हातपाय काड्या, पोट तेवढं फुगलेलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला सगळी गिरीजला आली, तेव्हा मावशीने सुनेला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं.

“उन्नती, पोरीला खायला घालतेस की नुसते फोटो काढतेस? ठेव हिला माझ्याकडे पंधरा दिवस.”

आणि मग खीर सुरू झाली. गहू भिजवायचे, कांडायचे, मऊ शिजवायचे, त्यात गूळ आणि नारळाचं दूध. ही मावशीच्या आईची खीर. अशक्त मुलाला याच्यापरतं औषध नाही, अशी मावशीची खात्री. रिद्धीला जुलाब लागले, तशी मावशीने वाटी मोठी केली. पंधरा दिवसांत पोरीचं वजन किलोभर उतरलं, आणि एका सकाळी तिला उठून उभंही राहवेना.

वसईच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मग मुंबईला पाठवून आतड्यात दुर्बीण घातली. अहवाल घेऊन बसल्या तेव्हा मीही तिथे होते. “आपल्या आतड्याचं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं, बारीक बारीक धाग्यांचं,” त्या म्हणाल्या. “अन्नातलं सत्त्व ते धागे शोषतात. रिद्धीचा टॉवेल पार झिजून गुळगुळीत झालाय. तिच्या शरीराला गहू सोसत नाही. हा कल जनुकांतून येतो, आईबापांकडून मुलांकडे.”

“आमच्या घराण्यात असलं काही नाही,” मावशी ताडकन म्हणाली. “हिच्या माहेरचं असेल. साताऱ्याकडची माणसं, तीन वेळा चपात्या खातात.”

उन्नतीने मान खाली घातली. मला मावशीचा असा राग आला की काय सांगू! डॉक्टरीणबाईंनी मात्र शांतपणे सगळ्यांचं रक्त मागितलं.

ते जनुक उन्नतीत नव्हतं. मयूरमध्ये होतं आणि जयवंतीमावशीत होतं.

“पण मला कुठे काय झालं?” मावशीने विचारलं.

“तुम्ही गहू कितीसा खाता?”

आमच्याकडे तांदळाची भाकरी, तांदळाची पेज, सणाला तांदळाचे वडे. चपाती पाहुण्यांसाठी. किती पिढ्या ही गोष्ट आमच्या रक्तात मुकाट झोपून होती, आणि आमच्या साध्या भाताने तिला झोपवून ठेवलं होतं! ज्याला आम्ही गरिबाचं जेवण म्हणायचो, त्याने आम्हाला सांभाळलं होतं.

मग मावशीने हळूच विचारलं, “बाई, माझा भाऊ चार वर्षांचा गेला. विठ्ठल. असंच पोट, असेच हातपाय. मुडदूस म्हणाले, नजर म्हणाले. आई त्याच्या एकट्यासाठी गहू आणायची. शेवटपर्यंत खीर भरवत होती. ते हेच का हो?”

“आता कसं सांगणार? पण असू शकेल.”

मावशी तिथेच, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडली. मग डोळे पुसून उन्नतीचा हात धरला. “चुकले गो बाय.”

रिद्धीचा गहू बंद झाला. भात, भाकरी, मासे, आणि खिशात कायम सुकेळी. सुकेळ्यांचं विचारल्यावर डॉक्टरीणबाई हसल्या. शंभर वर्षांपूर्वी, दोष गव्हाचा आहे हे कळण्याआधी, अशी मुलं डॉक्टर केळ्यांवर जगवायचे म्हणे. मावशीचा विश्वास बसेना. जिच्या अंगणात जन्मभर केळी वाळली, तिने नातीला खीर भरवली होती! सहा महिन्यांत रिद्धी साडेतीन किलोंनी भरली आणि माडाच्या झावळ्या ओढत वाडीभर धावू लागली.

सर्वपित्रीला मावशी दरवर्षी विठ्ठलमामाचं पान वाढते. सासरी माहेरचं पान वाढत नाहीत, असं कोणी म्हटलंच तर त्याची काही धडगत नसते. पन्नास वर्षं त्या पानावर गव्हाची खीर असायची, कारण ती त्याच्या आईने त्याच्यासाठी केलेली. परवाच्या सर्वपित्रीला उन्नतीने सवयीने विचारलं, “आई, गहू भिजवू ना मामांच्या खिरीला?”

“नको,” मावशी म्हणाली. “तांदळाची कर. त्याला गहू सोसत नाही.”

आणि त्या चार वर्षांच्या मामाच्या पानावर तिने दोन सुकेळी ठेवली.