पावाला लावलेली चमक

शितलच्या लग्नाच्या सकाळी तिच्या पापण्यांची चमक मी पावाला लावून खाल्ली.

फ्रीजमध्ये लोण्याच्या शेजारी स्टीलची डबी होती, आत पांढरट, मऊ काहीतरी होतं, आणि डहाणूच्या मे महिन्यात फ्रीज उघडलेला माणूस फार चौकशा करत नाही. दुसऱ्या पावाला शंका आली. लोणी विरघळायचं सोडून टाळूला चिकटून बसलं होतं. आरशात पाहिलं, तर ओठ चांदीचे.

"काका, माझी डबी?" मागून कमळी म्हणाली.

कमळी रानशेतची. तिच्या पाड्यावर बाळांसाठी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरतात, ते ती लहानपणीच शिकली. पुढे गावातल्या एका पार्लरात केर काढता काढता बाकीचंही शिकली. पार्लरवालीने तिचं काजळ कंपनीच्या डबीत भरून विकलं. एका गिऱ्हाइकाचे डोळे सुजले तेव्हा मात्र ते पुन्हा कमळीचं झालं. तेव्हापासून ती एकटीच नवऱ्या सजवते आणि कोणावर विश्वास ठेवत नाही. नवरीच्या आईसमोर प्रत्येक डबीतलं बोटभर आधी स्वतःच्या डोळ्यांना लावते, मग नवरीच्या. तिची क्रीमं उन्हात वितळतात, म्हणून डब्या फ्रीजमध्ये.

शितलला मोबाईलमध्ये बघितलेला 'ताजा लुक' हवा होता. म्हणजे मेकअप केलाय हे कळता कामा नये. "मग करायचाच कशाला?" असं मी विचारलं होतं, आणि घरातल्या बायकांनी मला मांडवाच्या कामाला लावलं होतं.

आता वहिनी, म्हणजे शितलची आई, धावत आल्या. "मी सांगत होते, कंपनीचं आण. याला नाव नाही, गाव नाही!"

"गाव आहे. रानशेत," कमळी म्हणाली.

"आणि भावजींना काही झालं म्हणजे?"

आज माझं पोट बिघडलं, तर उद्या तालुक्यात एकही आई कमळीला मुलीच्या पापणीला हात लावू देणार नव्हती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्या पार्लरवालीनेच मला पाव देऊन पाठवलं होतं.

"काका, आज मांडवातलं काही खायचं नाही."

"अगं, आमरस आहे!"

"म्हणूनच. आमरसाने पोट बिघडलं तरी नाव माझ्या डबीचं. आंब्याला कोण विचारतो?"

तिने स्वतः पेज शिजवली. मला नवरीच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसवलं आणि डबीत उरलेलं खरवडून काम सुरू केलं. एक नजर पापणीवर, एक माझ्यावर. पाण्याचा पेलासुद्धा ती आधी हुंगून बघत होती. मी इकडे पोटावर हात ठेवून बसलो होतो. आत जरा गुडगुड झालं की मला वाटे, झालं, क्रीम बोलायला लागलं.

"कमळे, होतं काय त्यात?"

"खोबरेल. मधाच्या पोळ्याचं मेण."

"आणि ती चमक?"

"का? दुकान टाकायचंय?"

शितल बाहेर आली ती नुकतंच तोंड धुऊन आल्यासारखी. उजेड पडला की डोळ्यांच्या कडा तेवढ्या हसायच्या. वहिनी निरखून म्हणाल्या, "अगं, मेकअप केलाय कुठे?" कमळीला याहून मोठं प्रशस्तिपत्रक कोणी दिलं नसेल. पण तिचं लक्ष माझ्याकडेच. आचारी देवजी माझ्यासाठी आमरसाची वाटी घेऊन आला, तर तिने ती वाटेतच उचलली.

"वरपक्षाला द्या. त्यांच्या पोटाची जबाबदारी माझी नाही."

संध्याकाळी नवरी सासरी गेली. मंडळी तृप्त होती, मी पेजेवर. वहिनींनी दोनदा विचारलं, "भावजी, दुखतंय का?" दोन्ही वेळा कमळीने माझ्या आधी 'नाही' म्हणून मान हलवली. तिची पिशवी भरून कधीच झाली होती, तरी ती पायरीवरून हलेना.

मी म्हटलं, "कमळे, दिवस गेला, मी ठणठणीत आहे. आता तरी विश्वास ठेव आणि सांग, ती चमक कशाची होती?"

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"उद्या सकाळी संडासला जाऊन या, मग सांगते."