सारवलेला ग्लू

शेठनं हातोडीची मूठ प्लायवर आपटली. ठक्. ठक्. ठक्. मंग एका जागी बद्द.

"जाधवसाहेब, ये क्या है? पुन्हा पोकळ?"

मी पण बोटानं वाजवून पाहिलं. सकाळपासून प्रेसमधून निघालेल्या निम्म्या शीटा एका बाजूनं पोकळ वाजत होत्या. म्हणजे आतले थर तिथं चिकटलेच नव्हते.

"शुक्रवारी पार्टी माल पाहायला येणार. तोवर बराबर झालं तर ठीक. न्हाई तर मशीन वापस आणि तुम्ही पण वापस," शेठ म्हणाला आणि ऑफिसात निघून गेला.

वापस म्हणजे कुठं, हे त्याला काय माहीत. अख्खी नोकरी मी गुजरातेतल्या प्लायवूड कारखान्यांत काढली. बायको वारल्यावर आपल्या जिल्ह्यात जावं म्हणून जालना एमआयडीसीत ही नोकरी धरली होती. मुलगी पुण्यात, तिच्या संसारात. ह्या वयात दुसरीकडं कोण ठेवून घेणार होतं मला?

आधी काम समजून घ्या. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे. आम्ही त्यांना विनिअर म्हणतो. ते एकावर एक ग्लूनं चिकटवायचे आणि गरम प्रेसमध्ये दाबायचे. ग्लू लावायला आमच्याकडं रोलर होता. रोलर झिजला की ग्लू कुठं जाड, कुठं पातळ. शिवाय ग्लू वाया जातो तो वेगळाच. म्हणून शेठनं फोमची मशीन आणली आणि ती बसवायला मला. ह्या मशीनमध्ये ग्लूत हवा घुसळतात. त्याचा घट्टसर फेस होतो. तो फेस नोझलच्या रांगेतून खाली सरकणाऱ्या विनिअरवर पडतो. सोऱ्यातून शेव पडते ना, तसाच. दोन रेषांच्या मधी लाकूड कोरडं दिसतं. दिसू द्यायचं. वर दुसरी शीट ठेवली आणि प्रेसचा दाब बसला की रेषा आपोआप पसरतात, सगळीकडं सारख्या.

मशीनला माणसं कमी लागतात. रोलरवरची माणसं शेठनं काढली आणि राग निघाला माझ्यावर. मी कँटीनमध्ये शिरलो की बोलणं बंद. माझ्या बाकावर कोणी बसायचं न्हाई. काही विचारलं तर "माहीत न्हाई साहेब." अरे, मी जाफराबादचा माणूस, तुमच्यातलाच! पण कोण ऐकतो. संध्याकाळी खोलीवर गेलो की टीव्ही लावून ठेवायचो. पाहायला न्हाई. घरात कोणाचा तरी आवाज पाहिजे म्हणून. एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

बोलायची ती फक्त गयाबाई. ती असेंब्ली टेबलावर होती. ग्लू लागलेली शीट मशीनमधून त्या टेबलावर येते आणि समोरासमोर उभ्या दोन बाया तिच्यावर दुसरी शीट ठेवतात. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "माझं माहेर जाफराबादचं. म्हंजे तुम्ही भाऊच लागले की!" दुपारी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवायची. "खा भाऊ. मेसचं खाऊन पार वाळून चालले तुम्ही."

शेठ गेल्यावर मी कामाला लागलो. फेस मापात भरून वजन केलं. हवा जास्त झाली की फेस हलका भरतो. वजन बरोबर होतं. नोझलची भोकं तारेनं साफ केली. प्रेसची उष्णता पाहिली, विनिअरची ओल पाहिली. कुठंच दोष न्हाई. मशीनचा ऑपरेटर संतोष, त्याला पाना मागितला तर त्यानं तो पायानं सरकवून दिला.

मंग एक गोष्ट ध्यानात आली. पोकळी कायम एकाच बाजूला, कडेपासून हात पुरेल एवढ्याच जागेत. नोझल तुंबली असती तर ती सरळ पट्ट्यात आली असती. छिन्नी घेतली आणि एक शीट फोडली. अर्ध्या भागात ग्लू सगळीकडं सारखा पसरलेला. उरलेल्या भागात अर्धगोल. एकाशेजारी एक, चार-चार बोटांचे. माझी माय अंगण सारवायची तेव्हा अस्सेच उमटायचे.

मी टेबलामागं जाऊन उभा राहिलो. शीट आली. वरची शीट ठेवायच्या आत गयाबाईनं रबरी मोज्याचा हात सर्रसर्र फिरवला आणि रेषा पुसून सारख्या केल्या. समोरची बाई पाहत होती. संतोष पाहत होता. सगळ्यांना माहीत होतं, आणि एकानंही मला सांगितलं नव्हतं.

"गयाबाई, हे काय करून राह्यल्या?"

"हळू बोला भाऊ!" ती कुजबुजली. "तुमची मशीन मधी मधी जागा सोडून राह्यली. शेठनं पाह्यलं तर तुमची नोकरी जाईन. म्हणलं आपणच गुपचूप सारवून घ्यावं."

बायको गेल्यापासून माझी एवढी काळजी कोणी केली नव्हती.

मी तिला समजावलं. हात फिरवला की फेस मोडतो, हवा निघून जाते, ग्लू पातळ होऊन लाकडात जिरतो. प्रेसला पसरवायला काही उरतच न्हाई.

"अगं माय! म्हंजे मीच घात केला व्हय?"

"घात कसला! फक्त हात लावू नका."

पुढचा माल कडेपासून कडेपर्यंत खणखणीत वाजला. शेठ खूश. "क्या किया?" मी म्हणालो, "नोझल साफ केली." पण संतोषनं खरं काय ते त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, हे मला लई मागून कळलं. शेठ टेबलापाशी आला, जरा वेळ पाहत राहिला.

"हात फिरवायचा नाही, तर इथं दोन बाया कशाला?"

"शेठ, शीट दोन्हीकडून धरावी लागते."

"एका बाजूला स्टँड लावू. आणि माल बिघडवणारी बाई मला आत नको."

मी भांडलो. कबूल करतो, नोकरी जाईल इतकं न्हाई भांडलो. दुसऱ्या दिवशी गयाबाईला मैदानात पाठवलं, विनिअर वाळवायला. जालन्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

शुक्रवारी पार्टीनं माल पास केला. दुपारी मी डबा घेऊन मैदानात गेलो. ती विनिअर उलटवत होती. मान वर न करता म्हणाली, "शेठला तुम्ही सांगितलं व्हय?"

"आईशपथ न्हाई."

"मंग त्याला कसं कळलं? तुम्हीच तर पकडलं मला." तिनं पुढची शीट उचलली. "जा भाऊ, ऊन लागन."

मी जेवलो न्हाई त्या दिवशी. मशीन अजून चालू आहे, ग्लू बराबर बसतो, मीही आहे. नवीन मशीन बसवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: ऑपरेटरला शिकवायच्या आधी टेबलावरच्या माणसांना शिकवा. आणि त्यांच्यात तुमच्याशी बोलणारं कोणी असलं, तर त्याला सगळ्यात आधी.