न दुखणारा हेडफोन

आम्ही घेतलेला हेडफोन बरोबर होता. मधल्या काळात घरात जे व्हायचे ते होऊन गेले, पण या एका निवडीबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. म्हणून ती कशी केली ते सांगते.

माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल होता. आमच्या गोंदियाकडे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी एवढेच, की रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे आतून हाड कुणीतरी पिळत असल्यासारखे दुखते. थंड पाणी नको, धावणे नको, ऊन नको. गावातली पोरे नहरात उड्या मारत तेव्हा हा घरात टीव्हीसमोर बसलेला असे. नव्याण्णव-दोन हजारच्या सुमारास केबलवर हिंदीत बोलणारी जपानी कार्टून लागू लागली आणि त्याला त्याचे मैदान सापडले. मोठा झाला तशी कार्टूनची जागा मूळ जपानी मालिकांनी घेतली. हिंदी आवाज गेले, खाली इंग्रजी ओळी आल्या, आणि गाणी तशीच्या तशी जपानीत कानांवर पडू लागली.

त्या गाण्यांतला एकही शब्द आम्हाला कळत नव्हता. मी एकदा त्याला अर्थ शोधून देते म्हटले. मला पुस्तकांची सवय; अर्थ न कळता काही आवडू शकते हे माझ्या गळी उतरत नसे. तो म्हणाला, "राहू दे वो ताई. अर्थ कळला का तू माझी परीक्षा घेशील."

गाणी आणि गेम, एवढ्यावर त्याचा दिवस चाले. गेम बंदुकीचे, पण त्यात खरे काम कानांचे. शत्रू दिसण्याआधी त्याची पावले ऐकू येतात. डावीकडून येतो की मागून, लाकडी फळीवरून की मातीवरून, हे ज्याला ऐकू आले तो वाचतो. भावाकडे जो हेडफोन होता त्यात सगळी पावले डोक्याच्या मधोमध वाजत. शिवाय तो कानशिलावर असा घट्ट बसे की थोड्या वेळाने एका कानावरचा भाग काढून गालावर टेकवून ठेवावा लागे. दुखण्याचा झटका येऊन गेल्यावर त्याची जबड्याची आणि कवटीची हाडे कितीतरी दिवस हळवी राहत. त्या दिवसांत तर तो हेडफोन हातातही घेत नसे. अंथरुणात पडून भिंतीकडे पाहत राही. नेमके जेव्हा गाणी हवीत तेव्हाच ती ऐकता येत नसत.

मग एका वर्षी धान विकल्यावर बाबूजी म्हणाले, "घ्या एखादा चांगला. पण एकदाच घ्या." एवढे बोलून ते शेतातल्या बांधीकडे निघून गेले. म्हणजे चुकायला जागा नव्हती. जो येईल तो त्याच्या डोक्यावर दुखायला नको, बाकी सगळे त्यानंतर.

आधी आम्ही गोंदियाच्या बाजारात गेलो. दुकानदाराने काचेच्या कपाटातून सगळ्यात मोठा डबा काढला. "मॅडम, स्पेशल गेमिंगवाला है. लाइट भी जलती है."

"कानाले लाइट कायले पायजे?" भावाने विचारले.

"अरे भाऊ, तुम बेस सुनो पहले. छाती हिल जाएगी."

भावाने तो घातला. एक गाणे संपेपर्यंत सभ्यपणे ऐकले आणि काढून ठेवला. "छातीचं नाही माहीत भाऊ, डोकं मात्र हलून राहिलं." दुकानदार हसला. मी हसले नाही. भावाच्या कानशिलावर लाल वळ उठला होता आणि तो अंगठ्याने जबडा चोळत होता.

मग मी वाचायला बसले. मी शाळेत शिकवते, वाचणे हे मला येते. हेडफोनबद्दल लिहिणारे लोक कवींपेक्षा जास्त विशेषणे वापरतात हे पहिल्याच दिवशी कळले. म्हणून मी कौतुक वाचणे सोडले आणि तक्रारी वाचू लागले. त्यातही चष्मेवाल्यांच्या आधी; भावालाही चष्मा होता. ज्याच्या चष्म्याची दांडी हेडफोनखाली दाबली जाते तो माणूस खोटे बोलत नाही. डब्यावर 'गेमिंग' लिहिलेले आले की पैसे दिव्यांना आणि माइकला जातात, हेही कळले. माइक वेगळा, साधा घेता येतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे कळले ते हे, की काही हेडफोन मागच्या बाजूने उघडे असतात. तिथे भरीव झाकण नसते, जाळी असते.

"मागून उघडा म्हणजे फुटका का?" भाऊ म्हणाला.

"बंद हेडफोन म्हणजे दारे लावलेली खोली," मी म्हटले. "उघडा म्हणजे अंगण. आवाज दूरचा दूर वाटतो, जवळचा जवळ. पावले कुठून आली ते कळेल. गाण्यातले व्हायोलिन एकीकडे, ढोल दुसरीकडे."

"आन् बेस?"

"कमी."

"मंग घरातल्या सगळ्यायले ऐकू येईल का माझं?"

"येईल."

त्याने थोडा विचार केला. "चालते. तुमचंही जपानी सुधरेल."

असे उघडे, हलके आणि आमच्या आवाक्यातले दोन हेडफोन शेवटी उरले. एकाचा आवाज अधिक खोल, पण वजन जास्त. दुसरा थोडा पातळ आवाजाचा, पण हलका. वजनाचे आकडे समोर होते, मात्र त्या आकड्यांचा भावाच्या डोक्यावर काय अर्थ होतो ते कुठल्याही परीक्षणात लिहिलेले नव्हते. मी जेवताना हे बोलले तर माय म्हणाली, "मंग मोजून पाहा ना. घरात तराजू कायले आहे?"

मसाला मोजायचा तिचा छोटा तराजू होता. तिने जुन्या पोलक्याच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, त्यांत तांदूळ भरला आणि माझ्या शाळेच्या वेळच्या हेअरबँडला दोन्ही टोकांना बांधल्या. आधी जड हेडफोनाएवढे वजन. ते डोक्यावर घेऊन भाऊ दुपारभर गेम खेळत बसला. शेजारची काकू ताक मागायला आली ती दारातच थबकली.

"याले काय झालं वो?"

"काही नाही," माय म्हणाली, "टोपीचं माप घेऊन राहिली."

चहाच्या वेळेपर्यंत त्याची मान दुखायला लागली. मायने दोन्ही पिशव्यांतून मूठ-मूठ तांदूळ काढला आणि पुन्हा तोलला. दुसऱ्या दिवशी दुपार गेली, चहा झाला, जनावरे घरी आली, तरी तो काढायचे विसरला. अंघोळीला निघाला तेव्हा तिनेच हाक मारली, "अरे, ते पिशव्या तं काढ!" निकाल लागला होता. पातळ आवाजाचा, हलका. खोल आवाजासाठी मला जराही हळहळ वाटली नाही. जो हेडफोन डोक्यावरून काढून ठेवावा लागतो त्याचा आवाज कितीही खोल असो, तो कुणाला ऐकू येणार?

त्या पिशव्यांतला तांदूळ मायने शिजवला नाही. "लेकराच्या डोक्यावर बसला आहे," म्हणाली आणि देवाजवळच्या डबीत टाकला. तांदूळ चिन्नोर होता. आमच्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ, पाहुण्यांसाठी आणि सणाला राखलेला. लेकराच्या कामाला जाडा तांदूळ घ्यायचे तिच्या मनातही आले नव्हते.

हेडफोन कुरिअरने आला. आमच्या घरात नवी वस्तू, मग ती सायकल असो की मिक्सर, हळद-कुंकवाशिवाय वापरात येत नाही. मायने पाटावर तो ठेवला, जाळीवर कुंकवाचे बोट लावले, वर देवाजवळच्या डबीतल्या अक्षता टाकल्या, आणि तेव्हा कुठे भावाच्या हातात दिला.

त्याने आधी गाणे लावले. मी त्याचा चेहरा पाहत होते. डोळे मिटले, भुवया वर गेल्या. मग हळूच हात उंचावून त्याने हवेत एका जागी बोट दाखवले, मग दुसऱ्या. "ही बाई इथं उभी आहे. आन् पेटीवाला तिकडं, खिडकीपाशी." आमच्या घराची खिडकी, जिच्याबाहेर त्याला थंडीत जायची मनाई होती. तो बराच वेळ त्या दिशेला तोंड करून बसला.

मग मोठा ढोल वाजला आणि त्याचे डोळे उघडले. डाव्या कानात कुरकुर. पुन्हा ढोल, पुन्हा कुरकुर. गेम लावून पाहिला. स्फोट झाला की डावीकडे पत्रा थरथरल्यासारखा आवाज. त्याने हेडफोन काढून पाटावर ठेवला.

"फुटकाच निघाला ना. परत पाठव."

"थांब, पाहू."

"काय पाहतेस वो? बाबूजीनं सांगितलं होतं ना, एकदाच." आणि मग अगदी हळू, "दुखत मात्र नव्हता."

परत पाठवायचा तर पाठवता आला असता. पण थंडी सुरू झाली होती. थंडीत त्याचे झटके वाढत, आणि बदली हेडफोन कधी येईल याची खात्री कुणी देत नव्हते. शिवाय मी हे सगळे वाचून बसले होते. नवा हेडफोन फक्त ढोलाला कुरकुरत असेल तर आत आवाज काढणाऱ्या पडद्याला काहीतरी टेकलेले असते, बहुतेक वेळा केस, असे कितीतरी जणांनी लिहिले होते. मी डाव्या कानाची गादी हलकेच फिरवून काढली. आत पातळ कापड, आणि कापडाच्या कडेला केस नव्हता. तांदळाचा दाणा होता. हळदीने पिवळा.

भाऊ पोट धरून हसला. "माय, तुझ्या अक्षतेची कणी निघाली!"

माय हात पुसत आली. दाणा तळहातावर घेऊन उजेडात नेला, उलटा-सुलटा केला. तिचा खरा अपमान झाला होता. "कणी नाही ते. अख्खा आहे, पाहा. माझ्या अक्षतेत कणी नसते."

"अख्खा आहे तं जाळीतून आत गेला कसा?"

"चिन्नोर आहे म्हणून गेला. जाडा असता तं वरच राहिला असता. एवढा चांगला तांदूळ टाकला आन् वरून मलेच बोलून राहिला!"

परीक्षणे लिहिणाऱ्या कुणालाही हा दोष माहीत असण्याची शक्यता नव्हती. मी दुसऱ्या कानाची गादीही काढून पाहिली, पुसली, बसवली. ढोल वाजला. स्वच्छ. माय तोवर तिथेच उभी होती. निकाल ऐकूनच चुलीकडे गेली.

ती थंडी वाईट गेली. पण त्या थंडीत भाऊ भिंतीकडे पाहत पडला नाही. झटका येई तेव्हा गेम सुटे, गाणी सुटत नसत. मी त्याच्या खोलीत पेपर तपासत बसे आणि जाळीतून बाहेर येणारी बारीक गाणी मलाही ऐकू येत. माय तांदूळ निवडताना त्यातली एक चाल गुणगुणायची, शब्दांऐवजी नुसते ऊं-ऊं करत. बरे वाटायला लागले की तो गेमला बसे आणि आम्हाला बातम्या देई. "डावीकडून येऊन राहिला. दोघं आहेत. एक जिन्यावर थांबला." एकदा वेदना फार होत्या तेव्हा मायने त्याच्या डोक्याला हात लावून विचारले, "काढू का हे? दुखते का?" तो डोळे न उघडता म्हणाला, "बाकी सगळं दुखते. हे नाही दुखत."

यासाठीच तर घेतला होता.

त्यानंतर त्याला आणखी काही हिवाळे मिळाले, आणि मग एक मिळाला नाही. त्या दिवसांबद्दल मी इथे लिहिणार नाही. दवाखान्यातून परत आलेल्या पिशवीत त्याचा टॉवेल होता, चष्मा होता आणि हेडफोन होता. नातेवाइकांपैकी कुणी म्हणाले, मुलाची वस्तू घरात ठेवू नये, कुणाला तरी देऊन टाका. माय म्हणाली, "त्याचं माप आहे ते. दुसऱ्याले कसं होईल?" विषय तिथेच संपला.

आता मी तो वापरते. सुटीच्या दिवशी त्याचीच गाणी लावते. अर्थ अजून शोधलेला नाही, आणि आता शोधायचाही नाही. पेटीवाला अजूनही खिडकीपाशीच उभा असतो.

यंदा गाद्यांचे कातडे सुटून माझ्या केसांत काळे कण पडू लागले. मी पुन्हा तक्रारी वाचल्या आणि नव्या गाद्या मागवल्या. त्या जुन्यांपेक्षा जरा जाड आल्या. मी त्या बसवायला घेतल्या तर माय स्वयंपाकघरातून तराजू घेऊन आली.

"आधी इकडं दे," ती म्हणाली. एका पारड्यात तिने नव्या गाद्या ठेवल्या, दुसऱ्यात जुन्या, आणि काटा थांबेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत राहिलो.